लग्न लावून द्या, सुटेल!

पोरगा गर्दच्या नादी लागलाय असं कळलं की घरात बैठक बसते. डॉक्टर नसतो, मामा असतात. ठराव ठरलेला: लग्न लावून द्या, सुधारेल. जाहिरातीत काय लिहायचं? ‘मुलगा निर्व्यसनी’.

स्थळ नाहीच जुळलं तर आईच्या गळ्याची शपथ. तो घेतोही, अगदी मनापासून. सात-आठ तासांत जांभया सुरू, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, अंगातलं हाड न् हाड ठणकतं. गर्दुल्ले याला ‘टर्की’ म्हणतात. गर्दसारख्या अफूच्या जातीच्या प्रत्येक पदार्थाची मेंदूत ठरलेली जागा असते. रोज पुरवठा झाला की मेंदू आपला कारभार त्याच्या भरवशावर सोडतो. पुरवठा तुटला की बोंब.

त्या जागेला शपथ ऐकू येत नाही.

मग खोलीत कोंडा. आठवड्याभरात टर्की उतरते, पेढे वाटले जातात. पण उतरते ती गर्द पचवायची शरीराची सहनशक्तीही, ओढ तिथेच. दोन महिन्यांनी पोरगा जुन्याच मापानं घेतो आणि श्वास थांबतो. ‘सुटली होती हो!’ म्हणत नातेवाईक हळहळतात. कोंडणाऱ्याला हे कुणी सांगितलं होतं?

औषध आहे की! ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन, अफूच्याच जातीची. ओढ आवरते, माणूस कामधंद्याला लागतो. ‘म्हणजे एक नशा सोडवायला दुसरी?’ असं विचारणारे काका मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेतात. त्यांना कुणी इच्छाशक्ती वाढवायला सांगत नाही.

पुण्यात अवचट दांपत्यानं 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. मामांना पत्ता अजून सापडायचाय.

सरकारचं तरी काय? कायदेशीर अफू मंदसौर-नीमचला पिकते. पण 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं कॅन्सरच्या रुग्णाला अफूतलंच मॉर्फिन मिळवायचं तर परवान्यांची चळत लागे. सुधारणेला 2014 उजाडलं. गर्द विकणाऱ्याला परवाना कधी लागला?

अमेरिकेत तर व्यसन डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळालं. पर्ड्यू फार्मा या औषध कंपनीनं 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही अफूच्याच जातीची वेदनाशामक गोळी आणली, सवय लागण्याचा धोका कमी असं डॉक्टरांना पटवलं. 2007 मध्ये गुन्हा कबूल. कंपनी आणि तीन अधिकाऱ्यांना मिळून 63 कोटी डॉलरच्या वर दंड. 2020 मध्ये पुन्हा गुन्हा, पुन्हा कबुली.

तेव्हा मालक असलेल्या सॅकलर घराण्यातल्या कुणालाही कोंडलेलं नाही.