आळ टिल्लूवर

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या वहिनींच्या नळाचं? काल सकाळी काय तमाशा झाला, बाप्पा! तुम्ही नेमक्या भद्रावतीला गेलेल्या, नाही तर...

तर त्यांच्या स्वयंपाकघरातली धार पार बारीक झालेली. "एक गुंड भरायला अर्धा तास लागते," म्हणे. आणि संशय कोणावर? शेजारच्या काकूंवर! कुंपणाशी उभ्या राहून, सगळ्या लायनीला ऐकू जाईल अशा आवाजात, "काही लोकं नळाला टिल्लू पंप लावते, मंग आमच्याकडं कुठून येईन पाणी?"

काकू काय ऐकून घेणार! पिठाच्या हातानंच आल्या. "मोरीतला नळ सोडा बरं वहिनी." सोडला, तर बादली भदाभदा भरली. "दोन्ही नळ तुमच्याच छतावरच्या टाकीचे ना? मी पाणी ओढलं असतं तर टाकीच भरली नसती. हा एकटाच काहून रुसला?" अहो, वहिनींचं तोंड! चहात साखरेऐवजी मीठ पडल्यासारखं.

तर काय सांगत होते... हां, प्लंबर. तो म्हणे प्रेशर पंप घ्या म्हणून सांगून गेलेला. पण काकूंचा भाचा आयटीआय फिटर. त्यानं ओट्याखालचा अँगल कॉक पाहिला, तो पुरता उघडा. मग फडकं गुंडाळून नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढली. ईऽऽ! पांढरा क्षार थापलेला नि वर काळी कीच. बोअरचं पाणी आपलं जड, त्यात खाणींची धूळ. दोरीवरच्या पांढऱ्या बनियनला सोडत नाही ती, फुटक्या झाकणाच्या टाकीला सोडेल होय? जाळीविना नळ सोडला तर धार थेट ओट्याबाहेर. जाळी व्हिनेगरमध्ये भिजवली, जुन्या ब्रशनं घासली, झालं. वहिनींच्या सासूबाई लगेच, "मी तं पहिलेच म्हटलं होतं!" कधी म्हटलं, ते कोणी ऐकलं नव्हतं.

वहिनींच्या लेकानं तो ताटाएवढा शॉवर आणलाय ना, त्याचीही टिपटिप. भाचा म्हणाला, "दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर मिळते. तुमची टाकी शॉवरच्या वर दीड मीटरही नाही. स्टँड उंच करा, पाइप पाऊण इंची टाका." लेकाचा चेहरा खर्रकन उतरला. किती महाग आणलाय तो, माहीत आहे ना तुम्हाला?

आणि खरी गंमत पुढेच. संध्याकाळी नळ आले, तर तिसऱ्या घरातली रोजची घर्रर्र आलीच नाही! अंगणातल्या नळाला आमच्या असा जोर, की मीच दचकले. भाचा सांगत होता, टिल्लूनं ओढलं की फुटक्या जोडातून नालीचं पाणीसुद्धा लायनीत शिरतं. शी! म्हणजे इतके दिवस आपण... जाऊ द्या.

कोण ते विचारू नका. नाव मी घेणार नाही. गेट हिरवं आहे, एवढंच.