तेलाचा हात

माझी सगळी नोकरी कोल्हापुरात, बँकेच्या सोनेतारण खात्यात गेली, हे ऐकलं की लोकांना वाटतं या माणसाला सोन्यातलं कळत असणार. तसं काही नाही. कळायचं ते बँकेने नेमलेल्या सराफांना. ते गुजरीतून, म्हणजे सराफबाजारातून यायचे, कसोटीचा दगड काढायचे, पाटली त्यावर घासायचे, रेघेवर अ‍ॅसिडचा थेंब सोडायचे आणि दोन आकडे सांगायचे, ढोबळ वजन आणि निव्वळ वजन. मग मी ते आकडे सुवाच्य अक्षरात रजिस्टरात लिहायचो. माझं अक्षर चांगलं आहे. सोन्याशी माझा संबंध तेवढाच.

त्यामुळे मेलबर्नला लेकीकडे गेलो असताना जावयाने चहा ओतता ओतता, "बाबा, इथे लोक सुट्टीच्या दिवशी ओढ्यात सोनं शोधायला जातात, जायचं का?" असं सहज विचारलं, तेव्हा एखादा शहाणा माणूस "नको रे, गुडघे दुखतात" म्हणाला असता. मी विचारलं, "किती कॅरेटचं?"

तिथे व्हिक्टोरिया राज्यात यासाठी रीतसर परवाना मिळतो, त्याला 'मायनर्स राइट' म्हणतात. एकदा काढला की दहा वर्षं चालतो आणि सापडेल ते सोनं तुमचं. पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. १८५१ साली खणणाऱ्याला दरमहा तीस शिलिंग भरावे लागत, सोनं मिळो वा न मिळो, आणि वर पोलीस येऊन पावती तपासत. शेवटी १८५४ मध्ये बॅलरॅटच्या लोकांनी युरेका नावाच्या जागी लाकडी कोट उभारला, ३ डिसेंबरच्या पहाटे सैन्याने तो मोडून काढला, माणसं मेली, पण पुढच्याच वर्षी वर्षाला एक पौंडाचा हा परवाना आला आणि त्याच्यासोबत मताचा हक्कही. एवढं रक्त सांडून मिळालेला हक्क मी सोफ्यावर मांडी घालून, जावयाच्या क्रेडिट कार्डावर मिळवला. व्हिसा काही महिन्यांचा, परवाना दहा वर्षांचा आणि वय अडुसष्ट. "बाबा, रिन्यूअलची काळजी नको," लेक म्हणाली. काही वाक्यांचा अर्थ उशिरा लागतो.

त्या रात्री मी वाचन केलं, आणि ते करायला नको होतं. ५ फेब्रुवारी १८६९ रोजी मोलियागुल नावाच्या गावाजवळ जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघांना एका झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली जेमतेम तीन सेंटीमीटरवर, सोन्याचा एक गोळा लागला. त्यातून निव्वळ सोनं निघालं साधारण बहात्तर किलो. डनॉलीच्या बँकेत नेला तर बँकेच्या काट्यावर मावेना, म्हणून ऐरणीवर ठेवून त्याचे तुकडे करावे लागले. दुसऱ्या कुणाला यात श्रीमंती दिसली असती. माझं मन त्या काट्यापाशी अडकलं. तुकडे करायला मॅनेजरची लेखी परवानगी घेतली होती का, ऐरणीवर उडालेला चुरा कुठल्या खात्यात जमा धरला, तिजोरीची दुसरी किल्ली कुणाकडे होती. पहाटेपर्यंत मी मनातल्या मनात ती नोंद पूर्ण केली, आणि 'तीन सेंटीमीटर' एवढाच आकडा उशाशी घेऊन झोपलो.

दुकानात सोनं धुवायची हिरवी प्लास्टिकची थाळी होती, एका बाजूला आडव्या खाचा असलेली. डॉलरला रुपयाने गुणल्यावर जो आकडा आला, तेवढ्यात आमच्याकडे लग्नाच्या पंगतीची ताटं आली असती. म्हणून मी थाळी परत ठेवली आणि घरी येऊन ओट्याखालची स्टीलची परात गुपचूप गाडीच्या डिकीत टाकली. ही परात आमच्या हिने कोल्हापुराहून बॅगेतून नेलेली. विमानाचं वजन भरत होतं म्हणून माझे दोन स्वेटर काढून तिला जागा केली होती. तेव्हाच मी समजून घ्यायला हवं होतं की घरात कुणाचं स्थान काय आहे.

मेलबर्नहून ईशान्येला तीनेक तासांवर बीचवर्थ. १८५२ मध्ये तिथे सोनं लागलं, आणि १८५५ च्या निवडणुकीत तिथल्या डॅनिएल कॅमेरॉन या उमेदवाराच्या घोड्याला सोन्याचे नाल ठोकून मिरवणूक काढली, असं सांगतात. कोल्हापूरकर म्हणून मला इथे थोडं कमीपण वाटलं. आम्ही निवडणुकीत काय काय केलं, पण नालांपर्यंत पोचलो नाही. तिथून पुढे डोंगर उतरून एल्डोराडो नावाचं छोटं गाव आणि रीडी क्रीक हा ओढा. गावाजवळच्या तळ्यात एक अजस्र यंत्र उभं आहे. १९३६ मध्ये बांधलेलं, तरंगत तरंगत बादल्यांच्या माळेने ओढ्याचा तळ उपसणारं. १९५४ पर्यंत त्याने दोन टनांवर सोनं काढलं आणि मग तिथेच थांबलं. एवढं धूड चाळून गेल्यावर मागे काय उरलं असेल, हा विचार कुणालाही सुचला असता. मी विचारलं, डबा आधी खायचा की नंतर?

नियम साधे आहेत. हाताची अवजारं वापरायची, पंप लावायचा नाही, काठ पोखरायचा नाही, केलेला खड्डा बुजवायचा. जागेचंही शास्त्र आहे. सोनं पाण्याच्या एकोणीस पटींहून जड, साधी वाळू जेमतेम अडीच-पावणेतीन पट. म्हणून पाण्याचा जोर जिथे मंदावतो तिथे सोनं बसतं. वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या धोंड्याच्या मागे, तळच्या खडकाच्या भेगांत. हे सगळं मला पाठ होतं. प्रत्यक्षात मी जागा निवडली ती सावली आणि बसायला बरा दगड पाहून.

पाणी इतकं गार होतं की पाय घातल्यावर पहिली काही मिनिटं मी कुणाशी बोललोच नाही. परातीत माती घ्यायची, पाण्याखाली हलवायची म्हणजे जड ते खाली बसतं, मग परात तिरकी करून वरची वाळू थोडी थोडी सोडून द्यायची. मी सोडत गेलो. थोडी माझ्या बुटांत गेली, थोडी जावयाच्या, काही वाहत खालच्या अंगाला गेली, आणि जे शेवटी उरायला हवं होतं तेही त्यांच्या सोबतीला गेलं. नात म्हणाली, "आबा, तुम्ही परात छान धुता."

आणि मग दिसलं. तळाशी, उन्हात, सोनेरी चकाकणारे कण, एक-दोन नव्हे, डझनांनी. मी ओरडलो. नक्की काय ओरडलो ते आठवत नाही, पण झाडावरचे पोपट उडाले आणि खालच्या वळणावर काम करत असलेले एक वयस्कर गृहस्थ आपली हॅट सावरत पाण्यातून चालत माझ्याकडे आले. त्यांनी परातीकडे पाहिलं, काही न बोलता हॅट काढली आणि परातीवर सावली धरली. चकाकी विझली. "अभ्रक," ते म्हणाले. "सोनं सावलीतही पिवळंच राहतं." गुजरीतल्या सराफांच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला एवढी गोष्ट भर ओढ्यात, अनोळखी माणसाकडून कळली.

गृहस्थ दयाळू होते. त्यांनी स्वतःच्या खड्ड्यातली दोन फावडी माती माझ्या परातीत घातली, म्हणाले यात नक्की आहे, धुवा. धुतली. काहीच नाही. त्यांनी पुन्हा घातली, स्वतः धुतली. तरी काही नाही. मग त्यांनी परातीच्या आतून बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "यात काय शिजवता?"

"चपात्यांची कणीक मळतो," मी म्हणालो. "तेलाचा हात लावून."

ते थोडा वेळ ओढ्याकडे पाहत राहिले. मग समजावलं, की इथलं सोनं पिठाएवढं बारीक, आणि तेलाचा अंश असला की बारीक सोनं बुडत नाही, पाण्यावर तरंगत निघून जातं. जुने लोक लोखंडी थाळी आणली की आधी जाळावर तापवून तिचं तेल घालवत. आता लोक पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकतात. म्हणजे मी सकाळपासून सोनं शोधत नव्हतो, रवाना करत होतो.

साबण गाडीत होता. डबे धुवायला आणलेला, हिच्या पिशवीत. पण माझ्या डोक्यात 'जुने लोक' एवढंच शिरलं, आणि चहासाठी आणलेली गॅसची छोटी शेगडी समोर होती. मी परात तिच्यावर ठेवली. तेलाचा धूर निघाला, वास आला, आणि मग परातीच्या मधोमध एक सुंदर, गोल, पिवळसर रंग उमटला. स्टील तापलं की तसा चढतो. दिवसभरात परातीत पहिल्यांदा खरा सोनेरी रंग दिसला, तो परातीचाच होता. बघता बघता त्याच्या आत जांभळं आणि मग निळं वर्तुळ आलं.

"अहो," मागून आवाज आला. "ती माझी परात का?"

पुढचा अर्धा तास मी वगळतो. त्या अवधीत मी रत्नांकडे वळलो, एवढं सांगतो.

या ओढ्यात सोन्याबरोबर नीलम, पुष्कराज, झिरकॉन, गार्नेट असे खडे मिळतात; पूर्वी इथे बारीक हिरेही मिळालेत. त्यासाठी चाळणी लागते. चाळणीत खडी घेऊन पाण्यात गोल गोल हेलकावे दिले की जड खडे मध्यभागी तळाशी जमतात. मग भाताची मूद पाडावी तशी चाळणी झटक्यात पालथी घालायची, म्हणजे मौल्यवान खडे बरोबर माथ्यावर येतात. मूद मी आयुष्यभर खाल्ली आहे, पाडली कधी नाही. गृहस्थांची चाळणी मी झटक्यात पालथी घातली ती ओढ्यात. दुसऱ्यांदा काठावर जमलं, आणि माथ्यावर एक निळा खडा लखलखला.

"नीलम!" मी म्हणालो.

हिने परात विसरून दोन पावलं मागे घेतली. "हात लावू नका. शनीचा खडा तो. लाभला तर लाभतो, नाही तर घर बसवतो. आधी उशाखाली ठेवून बघतात, असा बोटात धरत नाहीत." मग जरा थांबून, "आणि ठेवायचाच असेल तर तुमच्या उशाखाली."

गृहस्थांनी तो उन्हासमोर धरला. बाटलीची काच. इथे खणणाऱ्यांना तहानही लागायची. खरा नीलम ओढ्यातून निघतो तेव्हा मळकट, काळपट असतो, कुणी वळून पाहणार नाही असा. हे ऐकून मी सकाळपासून फेकलेले सगळे मळकट, काळपट खडे मनात मोजायला लागलो. मग त्यांनीच माझ्या ढिगातून काही जड काळे खडे वेचून माझ्या तळहातावर ठेवले. माझी छाती धडधडायला लागली. "टिन," ते म्हणाले. म्हणजे कथिल. त्या तळ्यातल्या यंत्राने ते तर हजार टनांवर काढलं म्हणे.

"कथिल म्हणजे कल्हईचं?" हिने विचारलं.

"हो."

"सोनं शोधायला तीन तास गाडी हाणली, आणि कल्हई घेऊन आलात. तीही घरात पितळेचं एक भांडं नसताना."

संध्याकाळी लेकीच्या घरी कणीक पातेल्यात मळली गेली, आणि चपात्यांवर कुणी काही बोललं नाही, फक्त माझ्या ताटात कडेच्या आल्या. जेवणं झाल्यावर हिच्या बहिणीचा कोल्हापुराहून व्हिडिओ कॉल आला. हिने पुरावा म्हणून परात कॅमेऱ्यासमोर धरली. मध्ये निळं, भोवती जांभळं, त्याबाहेर सोनेरी. दिव्याखाली रंग असे काही खुलले होते की मीसुद्धा बघत राहिलो.

"अगं बाई!" पलीकडून मेव्हणी म्हणाली. "काय सुंदर डिझाइन आहे! तिकडचं का? येताना मला एक आण ना."

हिने एकदा परातीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आणू की," ती म्हणाली. "हे हाताने करतात."