कोयत्यासोबत एक डबा

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या तांड्या-वस्त्यांवर ऊसतोडीला नेणारे ट्रक लागतात. ज्वारी-बाजरीची पोती, तवा, हंडे, वाकळा, शेरडं, लेकरं आणि कोयते. पाच-सहा महिन्यांचा संसार त्या ट्रकात चढतो. जखम धुऊन बांधायची साधी पट्टी मात्र त्यात नसते.

कोयत्याला रोज धार लावावी लागते. तोडणी पहाटेच्या अंधारात सुरू होते, मोळ्या वाहता वाहता रात्र होते. बोट तुटतं, नडगीवर घाव बसतो, पाचटातला खुंट तळव्यात शिरतो. मग फडकं फाडायचं, वर तंबाखू नाहीतर चुना दाबायचा आणि पुन्हा वाकायचं. दवाखान्यात गेलं तर खाडा पडतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक बसला की दोघांची मजुरी बसते.

आता कायद्याकडे बघा. साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत २०२५पर्यंत १९४८चा कारखाने अधिनियम लागू होता. त्याचं कलम ४५ सांगायचं, दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची किमान एक पेटी हवी आणि ती शिकलेल्या माणसाच्या ताब्यात हवी. फाटकाबाहेर त्याच कारखान्याचा ऊस तोडणाऱ्याला ही पेटी नाही, कारण उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, टोळी नेणाऱ्या मुकादमाची आणि नाव मुकादमाच्या वहीत. ज्याच्या हातात उघडं पातं आहे त्यालाच पट्टी नाकारणारी ही व्यवस्था मला मान्य नाही.

म्हणून माझी मागणी : उचल देताना टोळीगणिक एक डबा द्या. त्यात साबण, जाळीचं निर्जंतुक कापड, पट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, तापाच्या गोळ्या, जलसंजीवनीची पाकिटं, विजेरी. हे जगातलं कुठलं अवघड विज्ञान नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरायचं; दहा मिनिटं उचलून बघायचं नाही. मग साबण आणि उकळून गार केलेलं भरपूर पाणी. राख, शेण, चुना काही लावायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन ट्रकात चढण्याआधीच गावच्या आरोग्य केंद्रात घ्यायचं. घाव खोल असेल, लाली पसरत चालली, पू झाला, ताप चढला, तर खाड्याचा विचार न करता दवाखाना गाठायचा. आणि कुणाच्या तरी उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या गिळून काम रेटायचं नाही.

डबा सांभाळणार कोण? याचं उत्तर पाटोद्याला खेटून असलेल्या जामखेडात १९७० सालापासून आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे गावातल्या बायकांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर, आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. बाळंतपण, हगवण, तान्ह्याचं वजन त्या बघू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शेजारच्या तालुक्यातलं हे शहाणपण उसाच्या फडात पोचलेलं नाही. प्रत्येक टोळीतली एक बाई निवडा, शिकवा आणि त्या कामाचे पैसे तिला वेगळे द्या.

बाईच का, तेही सांगतो. फडात न्हाणीघर नाही, संडास नाही, पाळीचं फडकं धुवायला पाणी नाही. अंगावरून पांढरं जातंय हे ती मुकादमाला सांगणार नाही, टोळीतल्या बाईला सांगेल. वेळेवर तपासणी आणि औषध मिळालं तर असा जंतुसंसर्ग बहुतेक वेळा बरा होतो. न मिळाल्याचं फळ बीड जिल्ह्याने भोगलंय. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आकडा आला : पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. त्यातल्या कितीतरी जणींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. दुखणं अंगावर काढायचं, मग कुणीतरी कॅन्सरची भीती घालायची आणि ऑपरेशनसाठी पुन्हा मुकादमाकडूनच उचल घ्यायची, हे चक्र त्या आकड्यामागे आहे.

सापाचं वेगळं. त्याला डब्यात औषध नाही. फडात घोणस असते, रात्री कोपीत जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते आणि कधी कधी चावल्याचं कळतही नाही. मच्छरदाणी कडेने अंथरुणाखाली खोचली तर मण्यारीला आत यायला वाट राहत नाही. चावलाच तर आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. माणसाला चालवू नका, चावलेला हात-पाय हलू देऊ नका आणि थेट प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय गाठा.

त्यासाठी १०८ नंबर आहे, गाडी फुकट येते. पण परमुलखात, रात्री, फडाच्या मधोमध उभा असलेला माणूस पत्ता काय सांगणार? आपण कुणाच्या शिवारात आहोत हे कित्येकांना ठाऊक नसतं. तेव्हा डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा. गावाचं नाव, गट नंबर, शेतमालकाचं नाव, रस्त्यावरची खूण, जवळचं ग्रामीण रुग्णालय. टोळी दुसऱ्या फडात हलली की मुकादमाने पहिल्या दिवशी, पहिली मोळी बांधायच्या आत, तो कागद बदलावा आणि सगळ्यांना वाचून दाखवावा.