चिखलाचा सातबारा

इंग्लंडात भर हिवाळ्यात मित्रमंडळींनी घोळक्याने रानोमाळ पायी भटकायला जाणं हा करमणुकीचा प्रकार आहे, अशी समजूत खुद्द इंग्लंडातही आहे. करमणूक म्हणून मात्र त्याचं समर्थन कुणालाच करता येणार नाही. डिसेंबरात लंडनच्या आसपास सूर्य आठच्या सुमाराला उगवतो आणि चार वाजायच्या आत कामावरून सुटतो. मधल्या वेळात तो दिसेलच असं नाही. वर भुरभुर, खाली राड, आणि बघायला काय, तर खराट्यासारखी झाडं आणि आपल्याकडे संशयाने बघणाऱ्या मेंढ्या. तरी चांगली शिकलीसवरलेली माणसं आठवड्याची एकुलती एक निवांत सकाळ यावर उधळतात. माझं म्हणणं असं की ही सहल नव्हेच, ही वहिवाट आहे. आणि चिखल ही तिच्यातली अडचण नसून तिचा सातबारा आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये लोकांच्या हक्काच्या वाटा सुमारे २,२५,००० किलोमीटर भरतात, आणि त्यांतल्या कितीतरी कुणाच्या ना कुणाच्या खासगी शेतातून जातात. १९८० च्या महामार्ग कायद्याप्रमाणे लोक एखाद्या वाटेने सलग २० वर्षं उघडपणे, कुणाला न विचारता जात-येत राहिले आणि मालकाने आपली तशी इच्छा नसल्याचं वेळीच दाखवलं नाही, तर ती वाट सार्वजनिक ठरते. आपल्या १८८२ च्या ईझमेंट कायद्यातही वहिवाटीच्या हक्काला हीच २० वर्षं लागतात, तेव्हा बांधावरून भावकीशी एक तरी दावा लढलेल्या वाचकाला अधिक सांगायला नको. हक्क मागून नव्हे, चालून मिळतो ही तिकडची जुनी श्रद्धा. १९३२ च्या एप्रिलात किंडर स्काउट या माळावर, शिकारीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीत, काही शे कामगार मुद्दाम चालत घुसले. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ मध्ये कायदा आला आणि लोकांच्या हक्काच्या वाटा अधिकृत नकाशावर नोंदवायचं काम सुरू झालं.

यावर पहिला आक्षेप अपेक्षितच आहे: वहिवाटच करायची तर उन्हाळ्यात करा की, कोण नको म्हणतंय? पण उन्हाळ्यात जमीन टणक असते, तिच्यावर पावलाचा ठसा म्हणून उमटत नाही. ठसा घेते ती हिवाळ्यातली माती. गंमत अशी की तिथे पाऊस फार पडतो असंही नाही. लंडनचा अख्ख्या वर्षाचा पाऊस जेमतेम ६०० मिलिमीटर. याच्या कितीतरी पट तर महाबळेश्वरला एकट्या जुलैत होतो. पण हिवाळ्यात ऊन नसल्याने पडलेलं पाणी उडून जात नाही, गवत वाढायचं थांबतं, आणि दक्षिण इंग्लंडातली चिकणमाती पाणी सोडायला तयार नसते. ससेक्सच्या बोलीत तर चिखलाचे प्रकार नावानिशी सांगता येतात: दाट तो ‘स्लब’, चिकट नि घाणेरडा तो ‘गॉम’, आणि गुरांनी तुडवून तुडवून रेंदा करणं म्हणजे ‘स्टोच’. ज्या गोष्टीला इतके शब्द लागतात ती गैरसोय नसते, ती संस्था असते.

मित्र कशाला, हाही प्रश्न वाजवी आहे. एकट्या माणसाने चिखल तुडवला तर तो वाट चुकलेला ठरतो; सहा जणांनी तुडवला की वाट ठरते. शेतकऱ्याला शेतामधून जाणारी वाट नांगरता येते, पण १९९० च्या कायद्यानुसार १४ दिवसांत किमान एक मीटर रुंदीची वाट पुन्हा करून द्यावी लागते. नांगरटीवर ती रेघ ओढायला एकामागोमाग चालणाऱ्या सहा जणांइतकं स्वस्त अवजार नाही. त्यांना रांगेत आणायची सोयही कुंपणातच असते. तिथल्या फाटकाची झडप अर्धगोल कठड्यात अशी हलते की माणूस आत शिरून, झडप पाठीमागे ढकलून पलीकडे निघतो; गाय निघत नाही. एका वेळी एकच जण, म्हणून बाकीचे पाच जण फाटकाच्या अलीकडे त्याच चार फूट जागेत पाय हलवत उभे राहतात, आणि सगळ्या वाटेवरचा सर्वोत्तम चिखल तिथेच तयार होतो. त्यातही नेमस्त मंडळी कडेकडेने जातात. हे वाईट. कडेने गेलं की वाट रुंदावते, पीक तुडवलं जातं आणि शेतकऱ्याला बोलायला जागा होते. डबक्याच्या मधून जावं.

कायदेपंडित इथे अडवतील: एकदा वाट नकाशावर चढली की ती न चालल्याने बुडत नाही, मग हा खटाटोप कशाला? मुद्दा बिनतोड आहे, पण तो काटेरी झुडपांना कोण समजावणार? नकाशावरच्या हिरव्या तुटक रेघेने झुडपं मागे सरत नाहीत. आपल्याकडेही गावनकाशात पाणंद ठळक असते आणि जागेवर जाऊन पाहावं तर ऊस उभा असतो.

उरला तो कुत्सित आक्षेप, की ही सगळी माणसं शेवटी पबच्या ओढीनेच चालतात. चालेनात का! पबच्या दाराशी गुडघ्यापर्यंतच्या गमबुटांची रांग लागते. त्यांना नाव वेलिंग्टनच्या ड्यूकचं, म्हणजे १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव करणाऱ्या वेलस्लीचं. (त्याचे बूट कातडी होते, रबर मागून आलं.) आत शेकोटीशी बसून मंडळी काय बोलतात? कोण कुठे घसरला, कुठलं फाटक बंद होतं, पाटी होती की नव्हती, मालक ओरडला का, गेल्या वर्षी आलो तेव्हाही असंच होतं का. वाटेचा दावा करताना साक्षीदाराकडून जो फॉर्म भरून घेतात, त्यात हेच प्रश्न असतात. सही तेवढी राहते, आणि तिच्याआधी हात धुवावे लागतात.