नागपूरचे उपनगर, तालुका सौसर

मुंबईपासून रेल्वेने कर्जत 100 किलोमीटर आहे आणि कसारा 120. तरी तिथे दोन खोल्या घेणारा माणूस गावी पत्र धाडतो की मुंबईकडे घर झाले, आणि त्याला कुणी हसत नाही, कारण लोकल तिथवर जाते. मध्य प्रदेशातल्या सौसरहून नागपूर रस्त्याने सुमारे 70 किलोमीटर. पण सौसर तालुक्यातल्या मोहगावचे घर हे नागपूरच्या उपनगरातले घर आहे, असे म्हटले की लोक हसतात. हसणाऱ्यांनी ते घर आतून पाहिलेले नसते. चौकटीवर मराठीत ‘श्री गणेश प्रसन्न’, शेजारी नगर परिषदेचा मकान क्रमांक हिंदीत. बैठकीत बंगई, बंगईवर आजी, आजीच्या उशाशी औषधांची पिशवी आणि पिशवीत धंतोलीच्या नाही तर रामदासपेठेच्या डॉक्टरची फाईल. लग्न ठरले की बस्ता इतवारीतून यावा लागतो. दुसरीकडून आणला तर नवरीकडचे तोंड वाकडे करतात. माडीवरची खोली वर्षातले अकरा महिने कुलपात असते, कारण तिचा धनी, घरचा थोरला मुलगा, नागपूरजवळ हिंगण्याच्या कारखान्यात कामाला आहे. ज्या घराचा दवाखाना, कापड आणि थोरला मुलगा एकाच शहरात असतात, ते घर त्या शहराचे नव्हे तर कुणाचे? भोपाळचे? भोपाळहून त्या घरात सरकारी कागदाखेरीज सहसा काही येत नाही.

सीमेचा आक्षेप सर्वांत जोरात घेतला जातो: मध्ये राज्य बदलते, मग उपनगर कसले? या आक्षेपाला इतिहास माहीत नाही. 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. मोहगावचे घर तेव्हा राजधानीच्या हाताशी होते. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळला गेली आणि मोहगावचा छिंदवाडा जिल्हा होता तिथेच राहिला. पुढे 2023 मध्ये सौसरसह पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. इतक्या घडामोडींत घराचे एक कवेलूही हलले नाही. हलले ते फक्त पत्ते. शहर घराला सोडून गेले तर त्यात घराचा काय दोष? संत्र्याला तर ही सीमा दिसतसुद्धा नाही. सौसरचा माल कळमन्याच्या बाजारात उतरला की त्याला नागपुरी म्हणून खाणारा कधी रहिवासी दाखला मागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त शहाणा आहे. उपनगरात शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. मोहगावात मात्र तुमच्या चुलीवर काय शिजते ते मोहल्ल्याला तुमच्याआधी कळते. मान्य. ओटा घरमालकाने बांधायचा आणि वापरायचा मोहल्ल्याने, हा तिथला अलिखित करार आहे. आता नवी घरे कंपाउंड आणि लोखंडी फाटक घालतात, तेव्हा मंडळी फाटकाला टेकून बसतात, एवढाच काय तो फरक. पण नागपूरच्या ले-आऊटमध्ये राहायला गेलेली कितीतरी माणसे याच मोहल्ल्यांतली आहेत. कुणाचा साखरपुडा मोडला हे तिथल्या लिफ्टमध्ये कळण्याआधी मोहगावच्या ओट्यावर कळते. म्हणजे उपनगराला लागणारी ओळख-पाळख मोहगाव पुरवते, नागपूर फक्त फ्लॅट पुरवते.

भांडणाच्या बाबतीत तर हा मुलूख उपनगरांच्या पुढे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पोरे लाकडी बैल घेऊन बोजारा मागत हिंडतात. त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात. माणसे जखमी होतात, जीवही गेले आहेत, त्यामुळे त्याचे कौतुक नको. पण शेजाऱ्यांशी भांडायची तारीख पंचांगात ठरलेली असावी, ही कल्पना पार्किंगवरून बारा महिने भांडणाऱ्या सोसायट्यांनी निदान विचारात घ्यावी, गोटे वगळून.

तेव्हा मोहगावात नवे घर बांधणाऱ्यांना एकच विनंती: पाहुण्यांची खोली आधी बांधा. संत्र्याचा बहार उतरला की नागपूरकर येतातच, आणि येताना रिकाम्या पिशव्या सोबत आणतात.