हवा कमी करा

तुमच्या कॉलनीतही एक असतील. साठीच्या आसपासचे, नुकतेच निवृत्त, पोटरीवर साखळीचा काळा ठसा, अंगात सुनेनं पाहू नये इतका घट्ट पोशाख, आणि बोलताना नजर तुमच्या तोंडावर नाही, तुमच्या वाहनाच्या चाकावर. आमच्या जबलपूरच्या महाराजपुरातली पोरं त्यांना खडीकाका म्हणतात. कटनी रोडवर सकाळी दूध आणायला निघालात की ते गाठणारच. ठगांचा बीमोड करणाऱ्या स्लीमनसाहेबाच्या काळात याच मिर्झापूरच्या वाटेवर ठग गाठायचे, पण ते एकदाच गाठायचे.

"किती भरून राहिले?" हा त्यांचा नमस्कार.

माझ्या हर्क्युलसमध्ये किती हवा आहे हे मला ठाऊक नसतं. पंक्चरवाला भरतो तेवढी असते. काका खाली वाकतात, अंगठ्यानं टायर दाबतात, डोळे मिटतात. वैद्य नाडी बघताना थांबतो तितकं थांबतात आणि निकाल देतात, "जास्त आहे. कमी करा."

हे सगळं त्यांच्या मुलामुळे झालं. मुलगा पुण्यात. वडील व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झाले, आता घरात बसून आईला छळतील, या भीतीनं त्यानं एक ग्रॅव्हल सायकल पाठवून दिली. हँडल रेसच्या सायकलीचं, वळलेलं. टायर मात्र चांगले चाळीस मिलिमीटर रुंद, खाचांचे, आत ट्यूबच नाही. ट्यूबऐवजी एक पांढरं दूध ओततात, ते भोकात जाऊन थिजतं. डांबरावरही पळायचं आणि खडी-मुरमावरही, असं हे वाहन. किंमत काकांनी काकूंना अजून सांगितलेली नाही. ज्या माणसानं जन्मभर लष्करासाठी ट्रक बनवले, म्हणजे रस्ता नसला तरी चालेल अशीच वाहनं बनवली, त्याला हे खेळणं आवडलं नसतं तरच नवल.

आता गंमत बघा. या शहरातला प्रत्येक शहाणा माणूस चांगल्या रस्त्यासाठी अर्ज करतो, पुढाऱ्याला शिव्या घालतो. काका पहाटे पाचला उठून, डोक्यावर दिवा लावून, वाईट रस्ता शोधायला निघतात. सापडला नाही तर तोंड पाडून परत येतात. एकदा पनागरकडचा एक तुकडा रातोरात डांबरी झाला, तर दोन दिवस जेवले नाहीत, असं काकू सांगतात.

आणि सापडला की मग हवा. त्यांचं शास्त्र चुकीचं नाही, हीच खरी पंचाईत. टायर टणक असला की प्रत्येक खड्यावर सायकल आणि स्वार दोघं उचलले जातात, आणि त्या उचलण्यात ताकद वाया जाते. हवा कमी असली की टायर खड्याला पोटात घेतो आणि पुढे जातो. फार कमी केली तर रिम दगडावर आपटते. त्यांच्या वजनाला, त्यांच्या टायरला, तीस-बत्तीस पीएसआय. हे मला पाठ आहे. आमच्या गल्लीतल्या तिसरीतल्या मुलीलाही पाठ आहे.

पण शास्त्र टायरपुरतं राहिलं तर ते खडीकाका कसले? आमच्याकडे जेवायला आले, पुरी टम्म फुगलेली, काकांनी अंगठा टेकवला. फुस्स. "आता खा, वहिनी, छान लागते." नातवाच्या वाढदिवसाला फुगे तपासले, पाच फुटले, नातू रडला. मंडळाच्या गणेशोत्सवात प्रमुख पाहुणे नर्मदामाई, राणी दुर्गावती आणि त्रिपुरी काँग्रेस करत करत पाऊण तासानंतरही स्वतःच्या बालपणापर्यंतच पोचले होते. शेजारून काका माझ्या कानात, "साठच्या वर गेलेत. व्हॉल्व्ह कुठं आहे?" पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या.

त्यांचा खरा शत्रू म्हणजे हायवेवरचा पंक्चरवाला. त्याचा सगळा धर्म टायर टणटणीत करण्याचा. काकांची सायकल समोरून गेली की त्याला राहवत नाही, "अरे दादा, टायर बैठ गया है! आओ, फ्री में भर देते हैं।" काका थांबतात, व्याख्यान देतात. तो ऐकतो, मान डोलावतो आणि व्याख्यान संपायच्या आत नळी लावून भरून मोकळा होतो. काका पुढच्या वळणावर थांबून फुस्स करतात. तो तिथून ओरडतो, "बड्डे, हमारी बेइज्जती मत करो!" हा कार्यक्रम रोजचा.

या भागात लष्करी कारखाने पुष्कळ, कुंपणंही पुष्कळ. अशाच एका कुंपणाकडेच्या पायवाटेवर पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं. पिशवीत पांढऱ्या द्रवाची बाटली. "ये क्या है?" काका म्हणाले, "टायर का दूध." यानंतर अर्धा तास काय झालं ते काका सांगत नाहीत. एवढंच कळलं की निघताना त्यांनी पहारेकऱ्याच्या सायकलची हवा तपासली.

मार्ग त्यांनी स्वतः शोधलेले आहेत. महाराजपुरातून निघायचं, बायपास ओलांडायचा, मग शेतांतून परियट नदीकडे. तिथं डेअऱ्या आहेत, आणि डेअऱ्यांचं शेण वर्षानुवर्षं नदीत जातं. "सरफेस मऊ आहे," एवढीच काकांची नोंद. दुसरी वाट बरगीच्या कालव्याकाठची, मुरमाची, सरळसोट. तिसरी डुमनाकडची, तिथं बिबट्या असतो म्हणून काका घंटी वाजवत जातात. पावसाळ्यात मात्र काळी माती टायरला असे थर चढवते की सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं. तेव्हाही, चाक फिरतच नसताना, त्यांनी आधी थोडी हवा कमी करून पाहिली होती.

एका सकाळी मी त्यांच्याबरोबर गेलो. काकूंनी गळ घातली म्हणून. वाटेत ते एका बांधावर थांबले. म्हटलं, आता अंगठा. पण ते शेत दाखवायला लागले. ही हवेलीची जमीन. पूर्वी इथले शेतकरी पावसाळ्यात शेताभोवती उंच बांध घालून पाणी तुंबवून ठेवत, ऑक्टोबरात सोडून देत आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरत. नांगरणी कमी, तण कुजून जाई, विहिरींना पाणी. मग सोयाबीन आलं, धान आलं, पावसाळ्यातलंही पीक हवं झालं आणि बांध फुटत गेले. कोणता बांध कुणाच्या आज्यानं घातला, कोणता कुठल्या साली फोडला, हे त्यांना म्हाताऱ्यांना विचारून माहीत होतं. मी या शहरात जन्मलो. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. याच पट्ट्याला आता शंभर किलोमीटरहून लांब रिंग रोड वेढतोय, आणि त्यांच्या निम्म्या वाटा त्याखाली किंवा त्याच्या आत जाणार.

त्यावर त्यांच्याकडे एक इटालियन इलाज होता. टस्कनीत गाइओले नावाचं गाव आहे. तिथल्या पांढऱ्या खडीच्या वाटा डांबराखाली जाऊ नयेत म्हणून 1997 साली लोकांनी जुन्या सायकलींची एक सफर सुरू केली, आणि ती वाटांसकट जगात गाजली. अमेरिकेत कॅन्ससच्या गारगोटीच्या टेकड्यांत 2006 पासून 200 मैलांची शर्यत होते. मग महाराजपुरात का नाही? काकांनी अर्ज लिहिला: अमुक फाटा ते अमुक गाव ही वाट आहे तशीच ठेवावी. गावकऱ्यांच्या सह्या घ्यायला मलाही नेलं.

पारावर सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चहा दिला. मग एक बाई म्हणाली, "बाबूजी, बरसात में बहू को अस्पताल ले जाना हो तो तुम्हारी साइकिल पे ले जाएँ?"

काकांनी कागदाची घडी घातली. परत येताना सबंध वाटेत एकाही टायरबद्दल बोलले नाहीत. मी स्वतः दोनदा विषय काढून पाहिला.

आठवड्यानं कळलं, त्यांनी नवा अर्ज लिहिला. त्याच वाटेचा, पक्का रस्ता व्हावा म्हणून, गावाच्या वतीनं. सरकारदरबारी असा अर्ज क्वचितच आला असेल. सायकलीवरच्या यंत्रानं टिपलेला प्रत्येक खड्डा, अक्षांश-रेखांशासकट. पाणी कुठं साचतं, मोरी कुठं हवी, कुठं काळी माती आणि कुठं मुरूम, चढ किती टक्के. एवढे दिवस ज्या नोंदींची आम्ही टिंगल केली त्या सगळ्या नोंदी त्यात होत्या. कार्यालयातल्या बाबूला नाही म्हणायला जागाच उरली नाही. आपल्या सर्वांत लाडक्या वाटेला त्यांनी स्वतःच्या हातानं डांबर मंजूर करून घेतलं. त्यांना मी याबद्दल काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यांच्यात हवा गेली असती, आणि ती कमी करायला अंगठा कुणाचा?

कंत्राटदार आला. त्यानं खडी पसरली, रोलर फिरवला, वर मुरूम टाकला, पाणी मारलं आणि डांबराच्या आधीच पहिलं बिल काढून गायब झाला. त्यामुळे आजमितीला मध्य भारतातला सर्वांत सुरेख ग्रॅव्हल रस्ता आमच्या महाराजपूरच्या पलीकडे आहे. लांबून पोरं सायकली घेऊन येतात, फोटो काढतात. काकाही रोज जातात, पण उतरून चालत. वरच्या थरातली खडी 53 मिलिमीटरच्या आतली हवी असते, यानं 63 ची टाकलीय, हे त्यांनी मोजून काढलंय, आणि सध्या कंत्राटदाराविरुद्ध तक्रारीचा मसुदा माझ्याकडे टाइप करायला आहे. सोबत पुरावा म्हणून एक पिशवीभर खडी. ती आमच्या जिन्यात आहे आणि येणारा-जाणारा रोज अडखळतो.