भंडाऱ्याहून अंतराळ स्थानकाला माल कसा पाठवावा : नवशिक्या व्यापाऱ्यांसाठी

माल उतरवायचं ठिकाण जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर आहे. भंडाऱ्याहून रायपूरला जाऊन-येऊन ट्रकचं रनिंग याहून जास्त होतं, तेव्हा अंतराला घाबरू नये. अडचण एवढीच की गोदाम एका जागी थांबत नाही. ताशी सुमारे २७,६०० किलोमीटरने पळतं आणि दर दीड तासाला पृथ्वीला एक फेरी मारतं. बिल्टीवर पत्ता लिहिताना पिनकोडचा रकाना रिकामा सोडावा.

आधी भाडं समजून घ्या. नासाने डिसेंबर २००८ मध्ये माल पोचवण्याचा ठेका दोन खासगी कंपन्यांना दिला. स्पेसएक्सला १२ फेऱ्यांचे १६० कोटी डॉलर, ऑर्बिटल सायन्सेसला ८ फेऱ्यांचे १९० कोटी. दोघांनीही किमान २० टन माल चढवायचा. भागाकार केला तर स्पेसएक्सचा भाव किलोमागे ८० हजार डॉलर पडतो, म्हणजे तेव्हाचे अडतीस लाख रुपये. या हिशेबाने चिन्नोर तांदळाचा पंचवीस किलोचा एक कट्टा वर न्यायला साडेनऊ कोटी. हमाली वेगळी. चिन्नोरला भौगोलिक मानांकन आहे, सुवास आहे. तरी गिऱ्हाईक एवढा भाव सोसेल का, हे आधी विचारून घेतलेलं बरं.

हा झाला सरकारी ठेका. किरकोळ खासगी पार्टीसाठी नासाने २०१९ मध्ये वेगळं दरपत्रक काढलं होतं, त्यात वर नेण्याचा भाव किलोला फक्त ३,००० डॉलर होता. तेव्हा तुम्ही धानाच्या चुकाऱ्याची वाट पाहत होतात. २०२१ मध्ये तोच भाव २०,००० झाला.

याच दरपत्रकात नवशिक्याला बुडवणारी खरी मेख आहे. आपल्याकडे गाडी रिकामी आणण्यापेक्षा परतीचा माल मिळेल त्या भाड्यात उचलतात. इथे उलटं आहे. वर न्यायला २० हजार, तर खाली आणायला ४० हजार. कारण उघड आहे: वर जाणाऱ्या गाड्या बऱ्याच, पण भरीव माल सुखरूप खाली आणणारी एकटी स्पेसएक्सची ड्रॅगन. ती पॅराशूटने समुद्रात उतरते. ऑर्बिटलची सिग्नस (कंपनी आता नॉर्थ्रप ग्रुमनच्या नावाने चालते) परत येतच नाही. तिच्यात कचरा भरतात आणि ती वातावरणात जळून जाते. वर धुलाई नसल्यामुळे वापरलेले कपडेही तिच्यातच. तुमच्या कट्ट्याचा रिकामा बारदाना तिच्यात टाकायचा झाला तर त्याचाही आकार लागतो, किलोला २० हजार डॉलर. म्हणजे माल विकला गेला नाही तर तो परत मागवू नये आणि फेकूही नये. तिथेच कुणाला तरी खाऊ घालावा.

गाडीला नाव देण्याची रीत तिकडेही आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये गेलेल्या सिग्नसचं नाव कल्पना चावला होतं. त्या फेरीत स्थानकासाठी नवं शौचालय गेलं.

आता बांधणी. सुतळी, बारदाना, ताडपत्री विसरा. माल आग न धरणाऱ्या कापडाच्या मऊ पांढऱ्या पिशव्यांत जातो. सुटा दाणा चालत नाही. भाताचं शीत तरंगत जाऊन पंख्यात, गाळणीत, कुणाच्या डोळ्यात शिरेल. म्हणूनच तिथे पावाऐवजी मेक्सिकन पोळी खातात आणि मीठ-मिरीसुद्धा पातळ करून वापरतात. जे चमच्याला चिकटून राहील तेच पाठवावं. जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला ॲक्सिअम या खासगी कंपनीच्या मोहिमेतून गेले, तेव्हा सोबत गाजर हलवा, मूग डाळीचा हलवा आणि आमरस होता. आमरसाला परवानगी मिळते म्हटल्यावर गिच्च शिजवलेल्या चिन्नोरलाही अर्ज करता येईल. मोकळा, दाणा-दाणा सुटलेला भात ही आपल्या गृहिणींची शान असली तरी तिथे तो गुन्हा आहे.

एकाच ट्रान्सपोर्टरवर विसंबू नये. २८ ऑक्टोबर २०१४ ला ऑर्बिटलचं अँटारेस रॉकेट व्हर्जिनियात उडाल्याबरोबर कोसळलं. त्याला सोव्हिएत काळातली, वर्षानुवर्षं गोदामात पडलेली इंजिनं डागडुजी करून बसवली होती. सेकंडहँड इंजिनाबद्दल काय वाटतं, ते वरठी रोडवरच्या कुठल्याही मेकॅनिकला विचारा. २८ एप्रिल २०१५ ला रशियाची सरकारी प्रोग्रेस भरकटली. २८ जूनला स्पेसएक्सचं फाल्कन आकाशात फुटलं, आतला एक आधारदांडा तुटल्यामुळे. आठ महिन्यांत तीन गाड्या, तिन्हींची तारीख २८. मुहूर्त पाहून माल भरणाऱ्यांनी नोंद घ्यावी. वरची माणसं तरीही उपाशी राहिली नाहीत, कारण साठा होता आणि कुणाची ना कुणाची गाडी चालू होती. रस्त्यावरच्या वाहतुकीतही गाफील राहू नका: २०२५ मध्ये एक सिग्नस प्रक्षेपणस्थळी नेतानाच खराब झाली आणि ती फेरी रद्द करावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात पुढची सिग्नस निघाली, तर वाटेत इंजिन वेळेआधी बंद पडलं. ती एक दिवस उशिरा पोचली. एवढा उशीर आपण धरतही नाही.

माल पोचला का, हे पाहायला वैनगंगेच्या पुलावर उभं राहावं. स्थानकाचा मार्ग विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेला असल्याने ते भंडाऱ्यावरूनही जातं. संध्याकाळी किंवा पहाटे चार-सहा मिनिटं ठळक चांदणीसारखं सरकताना दिसतं. गावावरून जातं पण थांबत नाही, म्हणून वाईट वाटून घेऊ नये. भंडाऱ्याचं रेल्वे स्टेशनसुद्धा वरठीला आहे.

देशी गाडी मिळेल का? रॉकेटची आग फार लांब नाही. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीने कलाम-१०० हे इंजिन मे २०२२ मध्ये नागपूरला, सोलर इंडस्ट्रीजच्या चाचणी केंद्रात पेटवून पाहिलं. स्थानकाला माल नेणारी गाडी मात्र आपल्याकडच्या कुठल्याही खासगी कंपनीने अजून उडवलेली नाही. चौकशीला जाल तर चहा घेऊन परत या, ॲडव्हान्स देऊ नका.

शेवटची सूचना वसुलीची. हे स्थानक २०३० पर्यंत चालवायचं आणि मग समुद्रात पाडायचं ठरलं आहे. पाडण्यासाठी लागणारं यान बांधायचं कामही नासाने २०२४ मध्ये स्पेसएक्सलाच दिलं. तेव्हा २०२९ च्या दिवाळीनंतर उधारी बंद ठेवावी.